शुभे, तुझा स्वेटर सापडला

सहकारनगर, पुणे
१६ जुलै

प्रिय शुभे,

आधी कबूल करून टाकते म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. तुझा तो शेवाळी स्वेटर माझ्याकडेच होता. हो, तोच, मावशीने विणलेला, पुढे वेणीची वीण असलेला, ज्याच्यावरून तू मला रूम नंबर १४ मध्ये सगळ्यांसमोर चोर म्हणाली होतीस आणि मी देवाशप्पथ म्हणून रडले होते. परवा माळा रिकामा करताना होस्टेलच्या ट्रंकेत एका उशीच्या अभ्र्यात सापडला. शप्पथ खरीच होती गं, मला माहीतच नव्हतं. अभ्रा तुझा, तूच त्यात कोंबला असशील आणि मी निघताना अभ्र्यासकट उचलला असेन. ३४ वर्षांनीसुद्धा तुझ्यावरच ढकलतेय, हो. कसरीने पाठ पार खाल्लीय, एक बाही तेवढी धड आहे.

मेल करतेय कारण व्हॉट्सअॅपवर एवढं मावणार नाही, आणि तिथे वर सरकवलं की तुझा तो फोटो दिसतो. मार्चपासून मी गप्प आहे हे तुझ्या लक्षात आलंच असणार. नाशिकच्या नव्या घराचे तू अकरा फोटो पाठवलेस, त्यातला चौथा, कपड्यांची खोली. खोली, शुभे! कपड्यांना! मी खाली नुसता अंगठा टाकला आणि फोन पालथा ठेवला. वास्तुशांतीला आले नाही त्याला सासूबाईंचा गुडघा हे खरं कारण होतं, पण आधी फोटो आला नसता तर एका दिवसाची बस करून आले असते. जळले मी. सरळ जळले. आता बोल काय बोलायचं ते.

तब्येती ठीक. माझा थायरॉईड आहे तिथे आहे, अनिलची शुगर सणावारांप्रमाणे. सासूबाई वॉकर घेऊन हिंडतात.

आणि घोळ सगळा त्या गुडघ्यापासूनच सुरू झाला. ऑपरेशननंतर त्यांना संडास-बाथरूम जवळ पाहिजे म्हणून आम्ही मोठी बेडरूम त्यांना दिली आणि आम्ही दोघं लहान खोलीत आलो. म्हणजे तीच, जिथे तू ऋताच्या बारशाला खाली गादी टाकून झोपली होतीस आणि रात्रभर दार तुझ्या पायाला लागत होतं. माणसं हलली, कपाट हललं नाही. भिंतीतलं मोठं कपाट तिकडेच, गोदरेजचंही तिकडेच. त्यामुळे मे महिन्यापासून रोज सकाळी साडेसहाला मी चोरासारखी सासूबाईंच्या खोलीत जाते, मोबाईलचा टॉर्च दातात धरून कुर्ता शोधते, आणि त्या डोळे मिटलेल्या अवस्थेतच म्हणतात, "ये ये, जागीच आहे मी." त्या जाग्या नसतात. मी उठवलेल्या असतात. मागून अनिल जातो, त्याला मोजे सापडत नाहीत, तो दिवा लावतो.

तर लहान खोलीत कपाट करायचं ठरलं. खोली १० बाय ९. पलंग ५ फुटी, तो एका भिंतीला पूर्ण लावला तर ५ फूट उरतात. कपाटाला २ फूट खोली लागतेच, कारण शर्टाचा हँगर खांद्यापाशी १७-१८ इंच भरतो आणि वर बाह्या, दाराची जाडी. उरले ३ फूट. त्यात उभं राहायचं, वाकायचं, आणि अनिलने त्याच वेळी पँट घालायची. पलंग भिंतीला गेल्यामुळे आतल्या बाजूला मी, रात्री उठायचं तर नवऱ्याला ओलांडून. या वयात. हसू नकोस. भिंत ९ फुटांची पण कोपऱ्यात दार आत उघडतं, ते ३ फूट सोडावेच लागतात, राहिली ६ फुटांची रुंदी. या सहा फुटांत माझा सगळा जून गेला.

अनिलने एक्सेलमध्ये नकाशा काढला, पलंग पिवळा, कपाट निळं, आणि म्हणाला झालं. मी जुने पेपर चिकटपट्टीने जोडून ६ बाय २ चा तुकडा केला आणि फरशीवर चिकटवून टाकला, म्हटलं चार दिवस यावर पाय न ठेवता राहून दाखव. पहिल्याच दिवशी तीनदा पाय पडला त्याचा. दार उघडलं तर कुठपर्यंत येईल ते खडूने आखलं. खडू हातात घेतल्यावर तुझी आठवण आली, ते येतंच पुढे.

स्लायडिंग की उघडायची दारं यावर एक रविवार गेला. मला स्लायडिंग हवं होतं, दार समोर येत नाही म्हणून. पण त्याच्या दोन पट्ट्या एकामागे एक सरकतात, त्या चॅनलला तीन-चार इंच खोली जास्त जाते, म्हणजे आमचे ३ फूट आणखी आक्रसणार, आणि एका वेळी अर्धंच कपाट दिसतं. अनिल म्हणाला चॅनलमध्ये धूळ बसते, दोन वर्षांत अडकतं. बरोबर म्हणाला, पण ज्या आवाजात म्हणाला त्यामुळे मी आणखी एक आठवडा स्लायडिंग धरून ठेवलं. शेवटी दीड-दीड फुटांची चार दारं.

गोदरेजचंच इकडे आणू असंही एक निघालं होतं. ते १९ इंचच खोल असतं, जागा वाचते. अनिलने लगेच ज्ञान दिलं की गोदरेजने पहिलं लोखंडी कपाट १९२३ साली काढलं, शंभर वर्षं झाली, अजून तोड नाही. सासूबाईंनी पडल्या पडल्या विचारलं, "लॉकरची किल्ली कुणाकडे राहील?" विषय संपला.

त्या तशा वाईट नाहीत हं, तुला माहितीये. म्हणाल्या माझ्या चार साड्या ठेवा, बाकी ट्रंकेत घाला, माझं आयुष्य ट्रंकेत गेलं. परवाच १२ तारीख होऊन गेली, म्हणजे पानशेतच्या पुराची गोष्ट झालीच. नारायण पेठेतलं त्यांचं घर, १९६१, खालचं सगळं गेलं आणि माळ्यावरची ट्रंक तेवढी कोरडी. दरवर्षी सांगतात. यंदा शेवट बदलला, म्हणाल्या, "म्हणून सांगते, कपडे उंचावर ठेवावेत," आणि माझ्याकडे बघितलं. मी सव्वापाच फूट. माळ्यावर माझा हात पोचत नाही.

आता मुख्य गोष्ट.

सुतार आला मापं घ्यायला. राजस्थानी आहे, हुशार आहे, कानावर पेन्सिल. त्याने भिंतीला टेप लावला आणि विचारलं, "रॉड कितने पे लेना है?" हा प्रश्न साधा नाही गं. शर्टाला ४० इंच पुरतात, म्हणजे ७ फुटी कपाटात खालची पट्टी सोडून एकाखाली एक दोन रॉड बसतात, दुप्पट कपडे. पण माझे लांब कुर्ते हँगर धरून ५२ इंच. तिथे एकच रॉड घ्यायचा आणि खाली जे २८ इंच उरतात त्यात तीन ड्रॉवर. म्हणजे रॉडची उंची सांगितली की भाग कोणाचा ते ठरलं. मी तोंड उघडायच्या आत अनिल म्हणाला, "दोनों तरफ डबल रॉड. शर्ट के लिए." आणि माझ्याकडे वळून, "तुझं तिकडे मोठ्या कपाटात आहेच की."

मी काही बोलले नाही. चहा टाकते म्हणून आत गेले आणि चहा उतू गेला तरी बघत उभी राहिले.

मी, शुभे! होस्टेलच्या एका कपाटात दोघींच्या मध्ये मी खडूची रेघ मारली होती, तू उंच म्हणून वरचे दोन कप्पे घेतलेस तर इस्त्रीवर हक्क सांगितला होता, तुझी ओढणी रेघेच्या इकडे लोंबली म्हणून सहा दिवस अबोला धरला होता. ती मी. त्या रेघेवर तू नेलपॉलिश फिरवून ती पक्की केलीस तेव्हा कुठे मिटलं. आणि आता सुतार विचारतोय आणि मी चहा बघतेय. कोणाला सांगू हे? ऋताला सांगितलं तर ती बंगळुरूहून म्हणाली, "आई, बोलायचं ना मग." हो बाई.

दुसऱ्या दिवशी मी मोजणी केली. अनिलचे शर्ट ४३. त्यातले १९ आकाशी. दोन आकाशी शर्ट शेजारी धरून विचारलं यात फरक काय, तर म्हणाला कॉलर. माझे लांब कुर्ते २२, साड्या ५७, त्यातल्या नेसते नऊ. आईची पैठणी अजून मलमलीत गुंडाळून ठेवते आणि सहा महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घालते, नाहीतर जर घडीवर तुटते, पण ते करायला पण सासूबाई जेवायला बसल्या की जावं लागतं. एवढं सगळं कागदावर मांडून त्याच्यासमोर ठेवलं. म्हटलं मला ३ फूट हवेत, माझ्या मापाचा रॉड हवा. तो काय म्हणाला असेल? "घे की. मी कुठे नाही म्हटलं?"

याच्यावर भांडता येत नाही. हेच तर.

मग भिंतीने घोळ घातला. माझा भाग ठरला तो पश्चिमेच्या भिंतीकडचा, आणि पावसाळ्यात ती बाजू झोडपून निघते. प्लास्टिकचा फूटभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने सीलबंद लावून ठेवला. दोन दिवसांनी बघितलं तर थेंब आतून, भिंतीकडच्या बाजूला. बाहेरून असते तर खोलीचा दमटपणा म्हणून सोडून दिलं असतं, आतून म्हणजे ओल भिंतीतूनच येतेय. बाहेरच्या प्लास्टरची भेग भरायची तर पाऊस थांबून भिंत सुकायला हवी. सुतार म्हणतो दोन इंच जागा सोडा, हवा खेळेल, मागे प्लायपण वॉटरप्रूफ लावतो. वॉटरप्रूफ सगळेच म्हणतात, मी भवानी पेठेत टिंबर मार्केटला जाऊन शिक्का बघून आले, आयएस ७१० असेल तर मरीन, म्हणजे पाण्यालाही दाद न देणारा, ३०३ असेल तर त्यातही एमआर म्हणजे नुसती दमट हवा सोसणारा आणि बीडब्ल्यूआर त्याहून बरा. दुकानदाराने मला कॉन्ट्रॅक्टर समजून चहा पाजला. पण प्लाय टिकला म्हणून माझ्या सुती कपड्यांना बुरशी यायची थांबणार आहे का? आणि ते दोन इंच कोणाच्या भागातून गेले, विचार.

अनिलला गणपतीच्या आत हवंय, सहा आठवडे आहेत, पाहुणे येतात, भुसा नको. मला वाटतं आधी भिंत, मग कपाट, दिवाळीला झालं तरी चालेल. तोवर एक चाकांचा कपड्यांचा स्टँड आणून दाराजवळ लावू. तो म्हणतो घर दुकानासारखं दिसेल. मी म्हटलं मग सकाळी साडेसहाला दिवा लावून आईला उठवतोस ते कसं दिसतं? तेव्हापासून मोजे तेवढे इकडे आलेत, गादीखाली.

सुताराचं ६ फूट बाय ७ फुटांचं एस्टिमेट १,६०० रुपये फुटाने आलंय, ४२ फुटांचे ६७,२०० आणि वरचा लॉफ्ट वेगळा. कारखान्यातून तयार करून आणणाऱ्यांनी जवळपास दुप्पट सांगितलं आणि वर कॉफी मशीनचं कूपन. तीन फूट रुंद फळी मध्ये आधार न देता घालू नका, साड्यांच्या वजनाने खाली लवते, हे मी सुताराला सांगितलं तर तो अनिलकडे बघून हसला, "भाभी को सब मालूम है."

तुझं काय? मुलीच्या सीएचा निकाल लागला का, की परत बसायचंय? शरदरावांना म्हणावं अँजिओनंतर फोन केला नाही म्हणून रागावू नका, मनात होतं. तुझी आई कशी आहे? मी नाशिकला खरंच येणार आहे, पाऊस कमी झाला की.

पण त्याआधी एक काम कर. सुतार रविवारी येतोय. तुझ्या त्या खोलीत (बघ, लिहिलं मी) लांब कुर्त्यांचा रॉड जमिनीपासून किती इंचावर आहे ते मोजून कळव, आणि तुझा हात पोचतो म्हणून नको सांगूस, कामाला येणाऱ्या बाईंना विचार, त्या माझ्या उंचीच्या आहेत, फोटोत दिसल्या. ड्रॉवर पूर्ण बाहेर येतात का अर्धेच अडकतात तेही बघ. आमच्याकडे ३ फुटांत ड्रॉवर बाहेर ओढून माणूस वाकू शकतो का हे मी पुठ्ठ्याचा खोका ओढून बघितलंय, वाकता येतं, पण पलंगाची कड कमरेला लागते.

आणि बाहीचं काय करू ते सांग. टाकवत नाहीये. कुरिअर करू का?

तुझी,
मंजू

ता. क. – अभ्र्यात स्वेटरबरोबर माझी निळी टिकल्यांची डबी पण होती. ती तू घेतली नाहीस म्हणाली होतीस. अभ्रा तुझा, विसरू नकोस.