व्हॉल्वचा अँप घेऊ का म्हणतोस, तर ऐक

नाशिक, रविवार दुपार

प्रिय बंड्या,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला, गाडी चालवताना बोलत होतास वाटतं, अर्धा तर हॉर्नच होता, पण प्रश्न कळला. व्हॉल्वच्या अँपवर, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या तापणाऱ्या काचेच्या नळ्यांच्या अँप्लिफायरवर, गाणं खरंच गोड लागतं का ते पैसेवाल्यांचं खूळ आहे, आणि तू घ्यावास का. तर गोड लागतं, शंकाच नाही. फक्त लोक कारण जे सांगतात ना, की व्हॉल्ववर आवाज 'जास्त खरा' येतो, ते मला अजिबात पटत नाही. उलट आहे रे. व्हॉल्व आवाजात पदरचं काहीतरी घालतो आणि ते घातलेलंच आपल्याला आवडतं.

काय घालतो ते सांगतो, तू गाण्याच्या क्लासला जायचास त्यामुळे तुला पटकन कळेल. माझा अँप सिंगल एंडेड आहे, म्हणजे एका चॅनलला एकच पॉवर व्हॉल्व, ईएल८४ मॉडेलचा. ह्यात २०० हर्ट्झचा सूर सोडला तर बाहेर २०० येतोच पण सोबत थोडासा ४०० पण येतो, आणि त्याहून कमी ६०० येतो. आता २०० ला सा धर, ४०० म्हणजे तार सा आणि ६०० म्हणजे त्याच्या वरचा पंचम. म्हणजे भेसळ आहे, पण सुरातली भेसळ. तंबोऱ्याची जवारी आठव, घोडीवर तारेखाली तो दोरा सरकवून जागेवर आणला की तीच बोदी तार एकदम झणकारायला लागते, खर्ज नीट जुळला तर कोणी न वाजवता गंधार ऐकू येतो, त्याला आपण स्वयंभू म्हणून वर नमस्कार करतो, डिस्टॉर्शन नाही म्हणत. आणि व्हॉल्वमधलं हे प्रमाण काही किरकोळ नसतं बरं का, ईएल८४ च्या डेटाशीटमध्येच लिहिलंय की एका व्हॉल्वमधून ५.७ वॅट काढले तर डिस्टॉर्शन, म्हणजे ही भेसळ, १० टक्के. हल्लीच्या नेहमीच्या, व्हॉल्व नसलेल्या चांगल्या ट्रान्झिस्टर अँपला ०.०१ टक्क्याच्या खालचा आकडा असतो! अर्थात घरात आपण १ वॅटच्या आतच ऐकतो, तिथे ते बरंच कमी असतं, आणि दोन व्हॉल्व पुशपुल, म्हणजे एकमेकांच्या उलट चालणारे, जोडले की ती ४०० वाली भर एकमेकांत कटते, आवाज स्वच्छ होतो आणि वॅटही वाढतात. मला विचारशील तर थोडी मजाही जाते.

दुसरी गोष्ट कोणी फारशी सांगत नाही आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. स्पीकरवर ८ ओहम लिहिलेलं असतं, म्हणजे इम्पीडन्स, विजेला तो किती अडवतो ते, पण तो सगळीकडे ८ ओहम नसतो, खाली बासकडे एका ठिकाणी २०-३० पर्यंत चढतो. ट्रान्झिस्टर अँपला त्याने फरक पडत नाही, त्याचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स जवळपास शून्य, तो स्पीकरची मानगूट धरून ठेवतो. व्हॉल्ववाल्याचा बऱ्याचदा २-३ ओहम निघतो, मग स्पीकर जिथे चढतो तिथे आवाजही चढतो, डग्ग्याचा घुमारा जरा रेंगाळतो आणि आपण म्हणतो वा काय वॉर्म आहे. म्हणजे अर्धं श्रेय स्पीकरचं. म्हणूनच तोच अँप एकाकडे स्वर्ग आणि दुसऱ्याकडे चिखल वाटतो.

अमेरिकेत बॉब कार्व्हर नावाच्या इंजिनिअरने १९८५ मध्ये भारी गंमत केली होती. स्टिरिओफाइल मासिकवाल्यांना म्हणाला तुमचा आवडता महागडा अँप आणा, माझा स्वस्तातला ट्रान्झिस्टर अँप मी तसाच वाजवून दाखवतो. त्यांनी व्हॉल्ववाला दिला. ह्याने दोन्हीच्या आउटपुटमधला फरक मोजत मोजत आपला अँप बदलत नेला, आणि शेवटी त्यांनाच ऐकून दोन्हीतला फरक सांगता येईना. व्हॉल्व कोळून प्यायलेल्या माणसांना हे अजून झोंबतं. मला नाही झोंबत, कारण मी म्हणतोय तेच त्याने सिद्ध केलं, ही चव आहे, चमत्कार नाही.

आता ऐकण्याचं. मी ह्यावर सगळ्यात जास्त काय लावतो तर डी. व्ही. पलुस्कर. त्यांचा जन्म आपल्या नाशिकचाच, १९२१ चा, त्यांचे वडील विष्णु दिगंबरांनी शेवटी इथेच रामनाम आधार आश्रम काढला होता ना, आणि डी. व्ही. गेले १९५५ ला, फक्त ३४ वर्षांचे. त्या ७८ च्या तबकड्या, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, त्यात तो पोरसवदा स्वच्छ आवाज. ट्रान्झिस्टरवर लावलं की आधी खरखर ऐकू येते मग गाणं, व्हॉल्ववर खरखर जाते असं नाही पण गळा पुढे येऊन बसतो आणि बाकीचं मागे सरकतं. लोक म्हणतात तेव्हा माईकपासून सगळं व्हॉल्ववरच रेकॉर्ड व्हायचं म्हणून ते व्हॉल्ववरच ऐकावं. हे लॉजिक मला कळत नाही, स्टुडिओतल्या व्हॉल्वने जे करायचं ते तबकडीत आधीच गेलंय, मी घरी दुसऱ्यांदा करतोय. पण आवडतं, काय करू!

सगळं मात्र चांगलं लागत नाही. एक गळा, तंबोरा, तबला, पेटी असेपर्यंत राज्य. पन्नास व्हायोलिनवाली फिल्मी गाणी, कोरस, किंवा तुझं ते हल्लीचं बासवालं, ह्यात एकेक सुराला भर पडते तशी सगळ्यांची आपापसात पण खिचडी होते, ती काही सुरातली नसते, आवाजाची नुसती गचडी होते. तिथे मी निमूटपणे जुना आयसीवाला, म्हणजे चिपवर चालणारा, अँप लावतो. आमच्या हिला तर बारीक आवाजात दोन्हीतला फरक कळतच नाही, आणि खरं सांगायचं तर स्वयंपाकघरातून मलाही कळला नसता.

डोळ्यांचा भाग आहेच. बटण दाबल्यावर अर्धा मिनिट काहीच होत नाही, हिटर तापेपर्यंत थांबावं लागतं, तेवढ्यात माणूस फोन बाजूला ठेवून बसतो. डिसेंबरात आपल्याकडे थंडी पडली की त्याच्याजवळ बसायला बरं वाटतं, एप्रिल-मेमध्ये त्याच खोलीत जीव नको होतो.

घ्यायचाच असेल तर ऑनलाइन तीन-चार हजारात जे मिळतात ते नको. त्यात पुढे एक बारका व्हॉल्व शोभेला असतो, कित्येकदा खालून नारिंगी एलईडी लावलेला, आणि खरं काम आतली आयसीच करते. वजन बघ, खऱ्या व्हॉल्व अँपला व्हॉल्व आणि स्पीकरच्या मध्ये लागतो तो जड आउटपुट ट्रान्सफॉर्मर असला तर डबा उचलताना कळतं. नवे व्हॉल्व आता रशिया, चीन, स्लोव्हाकियातून येतात, आपल्या बीईएलने (भारत इलेक्ट्रॉनिक्स) बंगलोरला बनवलेले जुने अजून कुठे कुठे मिळतात, मेन रोडच्या मागच्या गल्ल्यांमध्ये विचारून बघीन मी. आणि झाकण स्वतः उघडायचं नाही हां, व्हॉल्वच्या प्लेटला अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये काही वेळ राहतात.

पण ह्या सगळ्याच्या आधी तुझ्या स्पीकरच्या मागे सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एका वॅटमध्ये तो किती मोठा वाजतो तो डीबीतला आकडा, किती लिहिलीय ते वाचून कळव. ९० डीबीच्या वर असेल तर पाच वॅटमध्ये तुझा हॉल भरेल. ८४-८५ असेल तर अँपचे पैसे ठेव बाजूला, आधी स्पीकर बदल. पुढच्या महिन्यात येतोयस ना, तर स्पीकर गाडीत टाकूनच आण, इथे माझ्या अँपला लावू, पलुस्कर पण ऐकू आणि तुझं ते धडामधुडूम पण, मग ठरव. वहिनींना अजून काही बोलू नकोस.

तुझाच,
बाळ्या