सायकल सोपी, वर्गणी अवघड

चि. मृण्मयी,
अनेक आशीर्वाद.

तुझं आवाहन वाचलं. आईनेही वाचलं, तिला आवडलं. डिसेंबरात २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळात पुरी करायची सायकलफेरी, जानेवारीत मुंबई मॅरेथॉन, आणि त्या निमित्ताने जमतील ते पैसे टाटा मेमोरियलला, कर्करोगावरच्या संशोधनासाठी. फोनवर सांगायला लागलो की तू "हो बाबा, कळलं बाबा" करतेस, म्हणून लिहून पाठवतोय.

तुझ्या पायांची मला काळजी नाही. येऊरचा चढ तू पाय न टेकता चढतेस, साडेतेरा तासांत २०० किलोमीटर होतील. मला काळजी आहे ती मागण्याची. नौपाड्यातल्या मंडळाचा खजिनदार म्हणून पावतीपुस्तक घेऊन मी किती जिने चढलोय ते तू लहानपणापासून बघितलं आहेस. दार उघडल्यावर समोरच्याच्या कपाळावर जी आठी पडते, ती बघून भलेभले पहिल्या मजल्यावरून परत फिरतात. बरं, गणपतीच्या वर्गणीला निदान मूर्ती दाखवता येते. संशोधनाला काय दाखवणार?

त्यासाठीच तू मावशीचा फोटो टाकलास, हे कळलं मला. केमोच्या वेळचा, डोक्याला रुमाल बांधलेला. त्यावर पैसे येतील, भराभर येतील. पण लोकांना वाटेल हिचे उपचार चालू आहेत, हिच्या बिलाला हातभार लागेल. मावशी तर ठणठणीत आहे, गोखले रोडवर भाजीवाल्याशी हुज्जत घालत असते. मी तिलाच विचारलं. म्हणाली, "टाक म्हणावं फोटो, पण तो मेला नको. सुमितच्या लग्नातला टाक, पैठणीतला." तर तो टाक. आणि खाली लिही की ही बरी झाली त्या औषधांसाठी कुणीतरी फार आधी पैसे दिले होते, हिचं नावगावही माहीत नसताना.

संशोधनाला पैसे मागायचे तर खरं सांगूनच मागावे लागतात. या पैशांतून यंदा कुणाचा जीव वाचेलच असं नाही. एखादा प्रयोग फसेल आणि तो फसला एवढंच पुढच्याला कळेल. हे वाक्य आवाहनात घालायला तू घाबरशील, पण घाल. १९४७ च्या अखेरीस बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर या डॉक्टरांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना अमिनोप्टेरिन नावाचं औषध देऊन पाहिलं. ज्या औषध कंपनीतून ते आलं, तिथलं संशोधन येल्लाप्रगडा सुब्बाराव बघत होते, आपल्या आंध्रातल्या भीमावरमचे. काही मुलं सुधारली, खेळायला लागली, आणि काही महिन्यांत आजार उलटला. तेव्हा देणगीदारांनी हिशेब मागितला असता, तर जमेच्या बाजूला काय लिहिलं असतं? मुलांमध्ये सर्वात जास्त दिसणाऱ्या त्याच कर्करोगातून आज चांगल्या केंद्रात दहातली आठ-नऊ मुलं बरी होतात.

जवळचं उदाहरण हवं असेल तर तुझ्याच रविवारच्या वाटेवर आहे. सीवूड्सहून पामबीच, बेलापूर करत तू खारघरला जातेस, तिथे टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र आहे, अ‍ॅक्ट्रेक. पवईच्या आयआयटीत घडवलेली कार-टी पेशींची उपचारपद्धती २०२१ मध्ये पहिल्यांदा तिथेच रुग्णाला दिली गेली. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी बाहेर काढायच्या, कर्करोगाच्या पेशीवरची एक खूण ओळखायला त्यांना शिकवायचं, आणि परत त्याच्याच अंगात सोडायच्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला सरकारी मान्यता मिळाली. परदेशात जिचा खर्च तीन-चार कोटींच्या घरात जातो ती इथे साधारण दहाव्या हिश्शात होते. तोही खर्च आपल्यासारख्यांना डोळे पांढरे करणाराच, पण "इथल्या प्रयोगशाळेला पैसे देऊन काय होतं" असं विचारणाऱ्याला हे सांगता येतं.

तू टेरी फॉक्सचं नाव घेतलं आहेस, एका ओळीत. त्याच्याबद्दल अजून थोडं लिही. उजवा पाय हाडाच्या कर्करोगाने गुडघ्याच्या वर कापलेला, २१ वर्षांचा मुलगा. कर्करोगाच्या संशोधनाला पैसे जमवायला एप्रिल १९८० मध्ये कॅनडाच्या पूर्व टोकावरून धावत निघाला, रोज जवळजवळ एक मॅरेथॉन. सुरुवातीला रस्त्यावर कुत्रंही फिरकत नव्हतं. मग दहा हजार वस्तीच्या एका बंदराच्या गावाने दहा हजार डॉलर जमवून दिले. त्याचं मागणंही तेवढंच होतं, माणशी एक डॉलर. ही आपली वर्गणीच की! १४३ दिवस आणि ५,३७३ किलोमीटरनंतर आजार फुप्फुसात गेला म्हणून थांबावं लागलं. पुढच्या वर्षी जूनमध्ये तो गेला, पण त्याआधी देशाच्या लोकसंख्येएवढे, दोन कोटी चाळीस लाख डॉलर जमले होते. मला त्याच्यातलं सगळ्यात काय आवडतं सांगू? त्याच्या नावावर स्वतःची जाहिरात करू पाहणाऱ्या कंपन्यांना त्याने जवळ येऊ दिलं नाही.

तर मुद्दा पैशांचा. मॅरेथॉनची प्रवेश फी, सायकलची सर्व्हिसिंग, बीआरएमला लागणारे दिवे, रिफ्लेक्टरचं जॅकेट, सगळं तुझ्या खिशातून. आणि तसं आवाहनात स्पष्ट लिही. हल्ली लोक डोंगरावर जातात ते दुसऱ्याच्या देणगीतून, आणि उरलेलं समाजकार्याला. मला ते पटत नाही.

पैसे स्वतःच्या खात्यात घेऊ नकोस. तू गोळा करून एकरकमी भरलेस तर पावती तुझ्याच नावाची येईल, देणाऱ्याच्या हाती काही नाही. प्रत्येकाने थेट संस्थेकडे भरावेत, पॅन नंबर द्यावा, म्हणजे त्याला करसवलतीसाठी लागणारं त्याच्या नावाचं प्रमाणपत्र मिळेल. देणगीवरची ही करसवलत (८०जी म्हणतात ती) जुन्या करप्रणालीतच आहे आणि दोन हजारांच्या वर रोख दिली तर तिथेही नाही, हे आधीच सांग, मार्चमध्ये तोंड लपवावं लागणार नाही. देणगी जमवून देणाऱ्या साइटवरून गेलीस तर टिपचा, म्हणजे साइटला वरून द्यायच्या पैशांचा, रकाना बघ, काही ठिकाणी आकडा आधीच भरलेला असतो. आणि संस्थेला लेखी विचार, देणगी संशोधनाच्याच खात्यात जाईल का. नाहीतर ती गरीब रुग्णांच्या मदतीला जाईल. त्यातही वाईट काही नाही, पण तू लोकांना सांगितलंस एक आणि झालं दुसरं, असं नको.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट: पहिली पावती जेवढ्याची फाडशील, त्यावर पुढचे आकडे ठरतात. आम्ही पुस्तक घेऊन आधी दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडे जायचो ते काही उगाच नाही. संपल्यावर कोणी किती दिले ते न लिहिता एकूण जमा सगळ्यांना कळव, ज्यांनी दिले नाहीत त्यांनासुद्धा. पुढच्या वर्षी तेच देतात.

तब्येतीचं थोडक्यात. आपली हवा दमट, घाम सुकत नाही म्हणून अंग गार पडत नाही. लांबच्या पल्ल्यात नुसतं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं सोडियम उतरतं. ओआरएस घे, पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. पामबीचवर पहाटे गाड्या सुसाट सुटलेल्या असतात, मागचा लाल दिवा लावल्याशिवाय निघू नकोस. आणि फ्लेमिंगो बघायचे तर उतरून बघ.

राहिली आत्या. ती न्यू जर्सीहून मोठी रक्कम द्यायला निघाली आहे. तिच्याकडे आता अमेरिकेचा पासपोर्ट, म्हणजे तिचे पैसे परदेशी देणगीत मोडतात. संस्थेच्या परदेशी देणग्यांसाठीच्या वेगळ्या, एफसीआरएच्या खात्यातच गेले पाहिजेत. दुबईच्या काकाचा पासपोर्ट भारतीय, तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत सरळ देऊ शकतो. हे आत्याला मी सांगायला गेलो तर "मी परकी झाले का रे" म्हणून तासभर रडेल. तेव्हा तूच फोन कर, आणि तिकडे रात्र नाही ना ते बघून कर.

तुझा,
बाबा