ट्रकच्या स्प्रिंग-पाट्यांच्या उस्तादांना आभाराचे जाहीर पत्र

आदरणीय उस्ताद,

सप्रेम नमस्कार.

लग्नसराई संपली, गावोगावचे सप्ताहही आटोपले, आणि या हंगामात आमचा सहाचाकी ट्रक मंडपाचे लोखंडी पाइप पाठीवर घेऊन, मागे जनरेटरची ट्रॉली ओढत, मांजरसुंब्याचा घाट कोणाच्याही छातीत धडकी न भरवता उतरत राहिला, म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहीत आहे. बिलाचे पैसे मी त्याच दिवशी चुकते केले होते, पण ज्या गोष्टीचे बिल तुम्ही लावलेच नाही, तिचे आभार मानायचे राहून गेले.

आमची तक्रार जुनी होती. भरलेला ट्रक मागून बसायचा, पुढची चाके हलकी पडायची आणि उतारावर वेग जरा वाढला की मागची ट्रॉली झोके घेऊ लागायची. तुमच्याआधी ज्या गॅरेजांत गाडी नेली तिथे उपाय एकच मिळाला : पाटा वाढवा, म्हणजे चाकांवर भार झेलणारी आणखी एक पोलादी स्प्रिंगपट्टी घाला. पाटे वाढले तशी गाडी बसायची थांबली, झोका मात्र तसाच राहिला, आणि रिकामी गाडी खड्ड्यावरून अशी उसळू लागली की क्लीनरचे डोके टपाला लागे. पुन्हा विचारायला गेलो की ठरलेले वाक्य कानावर पडे, "गाडीत काही नाही, तुमचा ड्रायव्हरच दामटतो." हे त्याच्या तोंडावर बोलले जाई आणि तो खाली मान घालून ऐकून घेई, कारण अंगाला ग्रीस लागलेल्या माणसापुढे स्टेअरिंग धरणाऱ्याला अक्कल नसते, असा आपल्याकडे एक विचित्र समज आहे.

तुमच्याकडे आल्यावर मी नेहमीचे गाऱ्हाणे सुरू केले, तेव्हा तुम्ही मला हाताने थांबवलेत, स्वतः बसायची लाकडी पेटी चालकाकडे सरकवलीत आणि म्हणालात, "मालक, जरा दम धरा. गाडी यांच्या हातात असते, यांना बोलू द्या." मग तुम्ही त्याला विचारत राहिलात : झोका आधी हाताला कळतो की पाठीला, ब्रेक लावल्यावर तो वाढतो की कमी होतो, ट्रक रिकामा असताना ट्रॉली कशी चालते. तो आधी माझ्याकडे पाहत, चाचरत बोलला, नंतर मोकळा झाला. भरल्या गाडीला ब्रेक मारला की फक्त पुढची चाके धरतात असे वाटते, हे तो बोलण्याच्या ओघात सांगून गेला आणि तुम्ही तत्काळ गाडीखाली शिरलात. पुढे जे काही दुरुस्त झाले ते त्या पेटीवरच्या बोलण्यातून झाले, असे मी मानतो.

तुम्ही नंतर आम्हा दोघांनाही समजावून सांगितलेत की मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह चासी म्हणजे गाडीचा सांगाडा आणि ॲक्सल म्हणजे चाकांचा आस यांच्यामधल्या अंतरावरून गाडी भरली आहे की रिकामी हे ओळखतो. जादा पाट्यांनी गाडी उचलून धरल्यामुळे भरला ट्रकही त्याला रिकामा वाटत होता आणि तो मागचा ब्रेक हलका ठेवत होता. पाट्याची जाडी दुप्पट केली तर त्याचा ताठपणा आठपट होतो, हेही मला तेव्हाच कळले. पाटे विकणाऱ्यांनी ते कधी सांगितले नव्हते. त्यात त्यांचा काय तोटा होता, हे तेच जाणोत. तुम्ही जादा पाटे उतरवलेत, भार आल्यावरच टेकणारे हेल्पर पाटे बसवलेत, पाटे चासीला जोडणाऱ्या शॅकलचे झिजलेले बुश बदललेत, व्हॉल्व्हची दांडी नव्याने जुळवलीत आणि ट्रॉलीवरचा जनरेटर पुढे सरकवून तिच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर आणलात, कारण वजन मागे झुकलेली ट्रॉली पाट्यांनी आवरत नाही. पाटे ॲक्सलला धरून ठेवणारे यू-बोल्ट गाडी थोडी चालल्यावर सैल पडतात म्हणून पुन्हा आवळून घ्या, ही आठवणही तुम्ही फोन करून दिलीत, आणि तो फोन मला नव्हे, चालकाला केलात.

मी जास्त पाइप भरण्याचा विषय काढला तेव्हा मात्र तुम्ही स्पष्ट सांगितलेत की पाटे बदलल्याने आरसीवरचे वजन वाढत नाही. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा भाराचा दंड 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये आहे, हेही बजावलेत. ज्याला धंदाच करायचा आहे तो असे बोलून गिऱ्हाईक कशाला बिचकवील?

मराठवाड्यात आपण पाहुण्याला आधी पाणी विचारतो आणि मग कामाचे बोलतो. तीच रीत कामगाराशी, हमालाशी, चालकाशी पाळणारी माणसे मात्र थोडी भेटतात. मोठ्या शोरूमच्या थंडगार खोलीत आमच्या चालकाला दाराबाहेर उभे राहायला सांगितलेले मी पाहिले आहे. तुमच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याला बसायला जागा मिळाली, आणि तेव्हापासून कोणी "ड्रायव्हरच दामटतो" म्हटले तर तो शांतपणे व्हॉल्व्ह कुठे असतो ते दाखवतो.

आमची दुसरी गाडी दिवाळीपूर्वी तुमच्याकडे पाठवत आहे. तिलाही असेच जादा पाटे चढवलेले आहेत. या वेळी मी सोबत येणार नाही. तिचा चालक सगळे सांगेल, आणि तो सांगेल तेवढे काम करावे.

आपला ऋणी,
एक मंडपवाला, अंबाजोगाई