एका कार्डासाठी आभार

प्रिय ताई,

तुम्ही चितारून छापलेल्या टॅरो डेकमधलं, म्हणजे भविष्य वाचायच्या पत्त्यांच्या गड्डीतलं, माझं एक कार्ड पाण्याने खराब झालं आणि तुम्ही त्याच्या जागी दुसरं पाठवलंत. पाकिटात दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये ते एकच कार्ड होतं, नाईन ऑफ पेंटॅकल्स, म्हणजे नऊ नाण्यांचं. सोबत तुमची दोन ओळींची चिठ्ठी: ‘हे माझ्या स्वतःच्या डेकमधलं आहे. नवंकोरं पाठवलं असतं तर पिसताना ओळखू आलं असतं.’ ती चिठ्ठी वाचल्यापासून जीव भरून आलाय. खासगीत दोन शब्द लिहून भागेना, म्हणून हे सगळ्यांसमोर.

ज्यांनी टॅरो हाताळलं नाही त्यांना वाटेल, एका कार्डाचं एवढं काय! डेक ७८ कार्डांचा असतो, २२ मेजर अर्काना (नावाची मोठी पानं) आणि ५६ मायनर (कप, तलवारी, काठ्या आणि नाणी या चार गटांतली). उपडं ठेवलेलं कुठलंही कार्ड ओळखू येता कामा नये, यावर सगळं उभं असतं. वापरातल्या डेकमध्ये नवंकोरं कार्ड लपत नाही. पिसून पिसून कडा मळतात, कोपरे मऊ पडतात, लॅमिनेशनची चमक उतरते. त्यात नवं घातलं की त्याची कड पांढरीशुभ्र दिसते आणि बोटाला टोचते. ते दुसऱ्या छपाईतलं असेल तर पाठीच्या रंगातही फरक पडतो, कारण प्रत्येक छपाईत शाई नव्याने जुळवावी लागते. तुम्ही विचारलंत ते इतकंच: डेक किती महिने वापरात आहे, आणि खोक्याच्या तळाशी छपाई पहिली लिहिलीय की दुसरी? ते दोन प्रश्न ऐकले तेव्हाच कळलं की समोरच्या माणसाने पत्ते हातात धरलेले आहेत.

चूक तुमची नव्हती, हेही लिहून ठेवते. कार्ड पाण्याने फुगलं होतं. लॅमिनेशन पुढून आणि मागून असतं, कापलेली कड मात्र उघडीच राहते. ओल तिथून शिरते आणि कागदाचे थर सुटतात. मग आठवडाभर वजनाखाली दाबून ठेवलं तरी जाडी पूर्ववत होत नाही. अशा कार्डाची जबाबदारी कुठल्याच छापणाऱ्यावर येत नाही. तुम्ही ती घेतलीत.

याआधीचा अनुभव उलटा होता. दुसऱ्या एका डेकमध्ये फोर ऑफ कप्स दोनदा आलं आणि फाइव्ह नव्हतंच. म्हणजे चूक सरळसरळ बांधणीतली. ‘सुटं कार्ड मिळत नाही, नवा डेक घ्या,’ असं उत्तर आलं. दुसऱ्या पत्राला तेही नाही. महागड्या खोक्याला सोनेरी मुलामा द्यायला ज्यांच्याकडे वेळ होता, त्यांना ७८ पाने मोजायला नव्हता.

आणि आता तुमच्या चित्रांबद्दल, कारण आभार त्यांचेही आहेत. तुम्ही ज्यावरून चित्रं काढलीत तो मूळ डेक १९०९ मध्ये पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने चितारला. त्याआधीच्या, फ्रान्समधल्या मार्सेय घराण्याच्या डेकमध्ये मायनरमधल्या अंकांच्या कार्डांवर नुसती चिन्हं असायची: सात कप म्हणजे सात कप, बस्स. तिने तिथे माणसं आणली. थ्री ऑफ स्वोर्ड्समधलं तीन तलवारींनी भेदलेलं हृदय पंधराव्या शतकातल्या सोला बुस्का या इटालियन डेकमध्ये आहे, पण अंकांच्या कार्डांवर रोजचं जगणं मांडायची हिंमत आधुनिक काळात तिने केली. त्याच वर्षी एका पत्रात तिने लिहिलं होतं की काम मोठं झालं आणि पैसे फार थोडे मिळाले. पुढे डेक प्रकाशक रायडर आणि लेखक वेट यांच्या नावाने जगभर गेला आणि तिचं नाव कित्येक वर्षं गळूनच गेलं. तुम्ही खोक्यावर स्वतःच्या नावाआधी तिचं नाव छापलंत. ते पाहून फार बरं वाटलं.

हे नाईन ऑफ पेंटॅकल्सच घ्या. द्राक्षाच्या मळ्यात एकटी उभी बाई, हातावर डोळे झाकलेला ससाणा, आणि खाली जमिनीवर एक गोगलगाय. नव्याने काढणारे पहिली गाळतात ती गोगलगाय. लहान आकारात ती डागासारखी दिसते, म्हणून असेल. तुम्ही ती ठेवलीत, शिवाय तिच्यामागे ओलसर चकाकती रेघ काढलीत, त्यामुळे ती कुठून आली तेही दिसतं. ही समृद्धी सावकाश आली, हे सांगायला आता पुस्तिकेतली ओळ लागत नाही. नाणीही नऊच आहेत, मोजून. आजकाल मशीनकडून काढून घेतलेल्या डेकमध्ये एट ऑफ कप्सवर सात कप सापडतात, तेव्हा हे मुद्दाम सांगावं लागतं.

पाठीचं चित्रही तुम्ही उलटसुलट सारखं दिसेल असं काढलंत. नाहीतर कार्ड डोकं खाली करून येणार हे पाठीवरूनच कळतं आणि अशा उलट्या कार्डांचा वेगळा अर्थ लावणाऱ्यांचा डेक वाया जातो. दोन्ही बाजूंना एकसारखं लॅमिनेशन असल्यामुळे पावसाळ्यातही कार्डं वाकली नाहीत. एकाच बाजूला असतं तर दुसरी बाजू हवेतला ओलावा ओढते, फुगते, आणि अख्खी गड्डी होडीसारखी होते.

माणूस चांगला असला की तो छोट्या कामातही तसाच असतो, हे लहानपणापासून घरात ऐकलेलं. तुमच्या डेकमध्ये आता ७७च कार्डं आहेत, हे आठवलं की हात जोडले जातात. पुढची छपाई झाली की पहिला डेक माझ्या खात्यावर तुमच्यासाठीच ठेवा. नाही म्हणू नका.

कार्ड गड्डीत गेलंय. चित्राच्या बाजूला गोगलगाईजवळ नखाची एक बारीक रेघ आहे, तुमच्या वापरातली. पाठीकडून काहीच कळत नाही. खिडकीशी नेऊन उजेडात तिरकं धरूनही पाहिलं.

तुमची,
एक वाचक