ठणठणीत

पुणे, मंगळवार

चि. रोहन,
अनेक आशीर्वाद.

हे फोनवरच सांगणार होते. पण सलग दहा मिनिटं बोलले की मला धाप लागते, आणि तू लगेच "आई, आराम कर, नंतर बोलू" म्हणून ठेवून देतोस. म्हणून कागद घेतला. एका दमात लिहून होणार नाही. संपेल तेव्हा बाबा पोस्टात टाकतील.

रविवारी याद्या करायला बसलो होतो तेव्हा मृणालची आई म्हणाली, "केळवणाला आता तुमच्या हातची पुरणपोळी." तू पटकन म्हणालास, "करेल की, आई आता ठणठणीत आहे." मी हसले. बाबा पंख्याकडे बघत बसले. तेवढ्यात मामीने विषय काढला, "वन्संच्या चार तोळ्यांच्या पाटल्या आहेतच सुनेला." तेव्हाही मी हसलेच. घरी आल्यावर मात्र झोप लागली नाही.

पाटल्या नाहीत, रोहन. २०२३च्या दिवाळीआधी मोडल्या.

तुला वाटत असेल, दवाखान्याच्या बिलात गेल्या. नाही. एप्रिल २०२१मध्ये कोविडने मी अकरा दिवस आत होते, छातीच्या सीटी स्कॅनचा स्कोअर पंचवीसपैकी चौदा होता, बाबा इंजेक्शनच्या रांगेत रात्रभर उभे होते, हे सगळं तुला माहीतच आहे. बिल ३,४०,००० झालं. बाबांनी आदल्या वर्षी साडेनऊ महिन्यांची कोरोना कवच विमा पॉलिसी काढली होती, तिचे दोन लाख आले. उरलेले एफडी मोडून भरले. त्या पॉलिसीत घरी आल्यानंतरचा खर्च ३० दिवसांपर्यंतच धरायचे. म्हणजे तिच्या हिशेबाने मी मेअखेरीस बरी झाले.

पैसे गेले ते त्यानंतर, आणि असे हळूहळू गेले की कुणाला सांगावं असं कधी वाटलंच नाही. माझ्या मेसच्या उधारीच्या वहीत मागच्या पानांपासून मी लिहीत आलेय. छातीचे डॉक्टर, हृदयाचे, कान-नाक-घशाचे. टूडी इको, डी-डायमर, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह. दीड वर्षात ९१ हजार, आणि प्रत्येक रिपोर्ट नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल आला की माणसाला आनंद व्हावा ना? मला रडू यायचं. नॉर्मल म्हणजे आत्याच्या भाषेत "मनाचं आहे गं, बाहेर पडत जा."

मग पडले बाहेर. फिजिओथेरपीवाली म्हणाली, रोज थोडं थोडं वाढवा. मी आपली पर्वती गाठली. १०३ पायऱ्या, मध्ये चारदा बसत चढले, देवदर्शन घेतलं, खुशीत घरी आले. तो दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी उशीवरून डोकं उचलेना, आणि पुढचे पाच दिवस केस विंचरायला हात वर जाईना. त्रास त्याच दिवशी झाला असता तर कळलं तरी असतं. तो येतो दुसऱ्या दिवशी, म्हणून दोन वर्षं मला समजलंच नाही की मीच दर वेळी स्वतःला पाडतेय. आता सकाळी उठल्यावर बघते, आज परातीत कणीक किती आहे. तेवढ्याच पोळ्या. उद्याची कणीक आज लाटायची नाही.

याला नाव आहे हे मला उशिरा कळलं. आताचे डॉक्टर बरे आहेत, त्यांनी सांगितलं. लाँग कोविड हे नाव डॉक्टरांनी दिलेलंच नाही, आजाऱ्यांनी दिलं. इटलीतल्या एलिसा पेरेगो नावाच्या पुरातत्त्व अभ्यासक बाईंनी मे २०२०मध्ये ट्विटरवर पहिल्यांदा लिहिलं. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आली ऑक्टोबर २०२१मध्ये : कोविड होऊन साधारण तीन महिने झाले तरी राहणारी लक्षणं, निदान दोन महिने टिकलेली, आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने उलगडा न होणारी. तोवर मी सहा महिने आत्याचं "मनाचं आहे" ऐकून घेत होते. याच डॉक्टरांनी मला आडवं झोपवून ठोके मोजले, ७८. मग नुसतं उभं केलं, दहा मिनिटांत ११९. तीसने वाढले तरी दोष धरतात म्हणे. इतक्या तपासण्या केल्या, पण कुणी मला उभं करून बघितलं नव्हतं.

पाटल्यांचं सांगत होते. मेसचा गाळा आठवतो ना? आपण तो सोडला नाही. पुढच्या महिन्यात उभी राहीन, पोरं परत येतायत, परीक्षा सुरू होतायत, असं म्हणत अकरा महिने १४ हजारांनी भाडं भरलं, बंद शटरचं. दीड लाखाच्या वर गेले. माझ्या बरं होण्याच्या भरवशावर पाटल्या गहाण पडल्या, आणि त्याच भरवशावर दोनदा नूतनीकरण केलं. तू एम.एस्सी. अर्धवट टाकून बंगळुरूला गेलास ते त्याच वर्षी. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही, लिहायला बसले तर आजची सगळी कणीक त्यातच जाईल.

तुझे काका कोविडने गेल्यावर काकूला सरकारकडून ५० हजार मिळाले. पैशाने काय होतं, पण फॉर्म होता, त्यात काकांचं नाव होतं. माझ्यासारखीला कुठला फॉर्मच नाही.

आता पुरणपोळी. वास गेला होता हे तुला ठाऊक आहे, परत आला हेही मीच सांगितलं होतं. कसा आला ते नाही सांगितलं. ऑगस्टमध्ये कांदा परतताना एकदम जळक्या रबराचा आणि गटाराचा वास आला. मी बाबांवर ओरडले, मोरी तुंबलीय म्हणून. मोरी स्वच्छ होती. लसूण तसाच, कॉफी तशीच. वासाचे तंतू परत वाढतात तेव्हा जोडण्या चुकतात, असं डॉक्टर म्हणतात. पंचेचाळीस पोरांना जेवू घालणारी बाई मी, फोडणीला नाकाला पदर लावून उभी राहायचे.

तरी १९ डबे सुरू केले. एके दिवशी ओल्या नारळाचं वाटण नासकं निघालं, आणि मला पत्ताच नाही. सात डबे तसेच परत आले. एका पोराने चिठ्ठी ठेवली होती, "काकू, तब्येत ठीक आहे ना?" शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. महिनाअखेर आठ डबे उरले, ते आजही आठच आहेत. कणीक बाबा मळतात, चव बाबा बघतात. प्रेसमध्ये तीस वर्षं बायंडिंग केलेला माणूस आता मीठ चाखतो, आणि दर वेळी "बरोबर आहे" म्हणतो, म्हणून मी शेजारच्या ताईंनाही चाखवते.

त्यानंतर एकदा मी लायटर हातात घेऊन शेगडीपाशी उभी होते, आणि बाबा बाल्कनीतून ओरडत आले, "गॅस, गॅस!" सिलिंडरमध्ये मुद्दाम वास घातलेला असतो तो आपल्यासाठीच ना, मला तो आलाच नाही. आपल्याकडे इंडक्शन का आलं, हे तू विचारलं होतंस. "वीज स्वस्त पडते" असं मी म्हणाले होते.

तर आता तू एवढं कर. मृणालला खरं सांग, लग्नाआधी, तू स्वतः. पाटल्यांचंही. तिच्या आईला मी सांगेन. हॉलसाठी कर्ज काढू नकोस. स्टेजवर मला खुर्ची हवी, मंगलाष्टकांनासुद्धा मी बसून राहीन, आणि दुसऱ्या दिवशीची सत्यनारायणाची पूजा आठवडाभर पुढे ढकल, कारण तो दिवस माझा झोपण्याचा असणार. कुणी विचारलं तर "ठणठणीत" म्हणू नकोस. "आजारी आहे, पण येणार आहे" एवढं म्हण.

पुरणपोळी मी करणार आहे. थोड्याच, घरच्यांपुरत्या, पुरण आदल्या दिवशी बसून वाटून. फक्त मृणालने शेजारी उभं राहायचं. पुरण खाली लागलं तर मला कळत नाही आणि जायफळ किती झालं हेही नाही. तिचं नाक चांगलं आहे, रविवारी चहा आला तेव्हा तिने बघायच्या आधीच "गवती चहा!" म्हटलं होतं.

मीही रोज दोन वेळा चार वास घेते, गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी, प्रत्येकी दहा सेकंद. ड्रेस्डेनच्या हुमेल नावाच्या डॉक्टरांची २००९ची पद्धत आहे. लवंग आता लवंगेसारखी वाटते. लिंबू अधूनमधून. येताना निलगिरी तेलाची नवी बाटली आण. ह्यातला वास उडालाय की माझंच नाक नाही म्हणतंय, ते मला सांगता येत नाही, आणि बाबांना विचारलं तर ते म्हणतात, "बरोबर आहे."

तुझी,
आई