मराठी कीबोर्ड लावला की कंट्रोल-एस चालत नाही, याबद्दल तक्रार

नमस्कार,

तुमचं ऑर्डर-बिलिंगचं सॉफ्टवेअर आमच्या प्रेसमध्ये दोन वर्षं चालू आहे, पत्रिका, बिलबुकं, हँडबिलं सगळं त्यातच नोंदवतो. याच विषयावर ही माझी तिसरी मेल, आधीच्या दोन्हींना "इंग्लिश कीबोर्ड करून बघा" एवढंच उत्तर आलं म्हणून आता नीट सविस्तर लिहितोय.

मजकुराच्या टेक्स्ट बॉक्समध्ये मी इनस्क्रिप्टने मराठी टाइप करतो. सरकारमान्य कीबोर्ड आहे, मी घरी बनवलेला नाही. त्यात एसच्या बटणावर एकाराची मात्रा आहे, सीच्या बटणावर म. मराठी चालू असताना कंट्रोल-एस दाबलं तर सेव्ह होत नाही, कंट्रोल-सीने कॉपी होत नाही, आणि एररही येत नाही म्हणजे झालं असंच वाटत राहतं. परवा एका लग्नपत्रिकेचा अख्खा मजकूर टाकला, दोन्हीकडचे आजी-आजोबा, काका-आत्या धरून बत्तीस नावं, सवयीने दर दोन ओळींना कंट्रोल-एस दाबत होतो, तेवढ्यात लाइट गेली आणि परत उघडलं तर बॉक्स कोरा. नवरीच्या मामांना फोन करून सगळी नावं परत विचारली, त्यांनी काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

भाचा कोडिंग शिकतोय, तो म्हणाला की तुमचा प्रोग्राम कुठलं बटण दाबलं ते बघतच नाही, त्यातून उमटणारं अक्षर बघतो. विंडोजमध्ये सीच्या बटणाचा कोड 67, एसचा 83, इनस्क्रिप्ट लावलं तरी तोच राहतो. नोटपॅडमध्ये मराठीतही कंट्रोल-सी व्यवस्थित चालतं ते म्हणूनच.

अजून एक. उजव्या ऑल्टबरोबर 4 दाबलं की ₹ यायला पाहिजे, तुमच्यात प्रिंटची विंडो उघडते. विंडोज उजव्या ऑल्टला कंट्रोल-ऑल्ट धरतं आणि तुम्ही नेमकं कंट्रोल-ऑल्ट-4 प्रिंटला देऊन ठेवलंय. बिलाच्या सॉफ्टवेअरात रुपया टाइप होत नाही!

दर वेळी विंडोज-स्पेस दाबून इंग्लिश करा, सेव्ह करा, परत मराठी करा, हे मी करणार नाही. पुढच्या महिन्यात रिन्यूअल आहे, त्याआधी दुरुस्त व्हर्जनची तारीख लेखी कळवा, नसेल जमत तर आमचा डेटा एक्सेलमध्ये कसा काढायचा तेवढं सांगा. स्क्रीन रेकॉर्डिंग जोडलंय, तपासणाऱ्याने कृपया मराठी कीबोर्ड लावूनच तपासावं.

कळावे,
प्रेसवाला (ग्राहक क्रमांक आधीच्या मेलमध्ये आहे)