पाच डॉलरचा हिशेब

ऑस्टिन, टेक्सस

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

आरोपींकडून कोर्ट फी जास्त घेऊन त्या पैशातून मुलांना गुन्ह्यापासून दूर ठेवायचं, हे इथे कसं चालतं असं तुम्ही विचारलंत. तुमच्या टिपणासाठी आकड्यांसकट लिहितो.

ज्याला फक्त दंडाची शिक्षा आहे असे किरकोळ गुन्हे टेक्ससमध्ये म्युनिसिपल किंवा जस्टिस कोर्टात चालतात. दुकानातून शंभर डॉलरच्या आतली चोरी, हे त्यातलं नेहमीचं. दोषी ठरलं की दंड वेगळा आणि कोर्टाचा खर्च वेगळा: ६२ डॉलर राज्याचे, १४ स्थानिक. हे दर १ जानेवारी २०२० पासूनच्या गुन्ह्यांना लागतात. १४ पैकी ५ डॉलर मुलांच्या निधीत जातात, ४.९० कोर्टाच्या सुरक्षेला, ४ संगणकांना आणि उरलेले १० सेंट ज्युरीला. पूर्वी ही मुलांसाठीची फी, जास्तीत जास्त पाच डॉलर, शहराची कौन्सिल ठराव करून लावायची. आता रक्कम कायद्यात पक्की आहे. वाढवायची तर विधिमंडळाकडे जा, आणि त्याचं नियमित अधिवेशन वर्षाआड भरतं.

निधीतून आधी ज्युव्हेनाइल केस मॅनेजरचा पगार, प्रशिक्षण, प्रवास आणि कार्यालयाचा खर्च भागवायचा. हा माणूस मुलाला, पालकांना आणि शाळेला भेटतो, काय करायचं ते ठरवतो आणि पाठपुरावा करतो. पैसा उरलाच तर व्यसनमुक्तीसारखे कार्यक्रम. ज्याचं मुख्य काम हे नाही अशा कर्मचाऱ्याच्या पगारात यातून भर घालता येत नाही. ही अट फार मोलाची, नाहीतर कारकुनाचा भत्ता इथूनच निघाला असता.

खरी अडचण जमेची. समजा, या माणसाचा वर्षाचा सगळा खर्च ६०,००० डॉलर. पाच-पाच डॉलरनी तो भरायला पूर्ण वसूल झालेले १२,००० खटले हवेत. लहान गावात तेवढे होतच नाहीत, म्हणून दोन-तीन कोर्टं मिळून एकच मॅनेजर ठेवतात.

शिवाय वसुलीला गळती आहे. खटला मागे घेतला तर शून्य. हप्त्यांनी आलेला पैसा आधी खर्चाच्या सगळ्या खात्यांत प्रमाणात वाटला जातो, दंडाकडे नंतर वळतो. ७६ पैकी ३८ डॉलर भरून माणूस गायब झाला तर मुलांच्या निधीला अडीच डॉलर. ऐपत नसलेल्याला समाजसेवा करून रक्कम फेडता येते, आठ तासांना किमान १०० डॉलर या दराने. ते रास्तच आहे, पण निधीत दमडी येत नाही. २०१७ पासून शिक्षा सुनावतानाच न्यायाधीशाला ऐपत विचारावी लागते. त्यामुळे फी दुप्पट केली म्हणून जमा दुप्पट होत नाही. न भरणारे वाढतात, आणि त्यांतली बरीच घरं ज्यांच्या मुलांना मदत हवी तीच.

२०२३ च्या नव्या कायद्यामुळे दंडाच्या गुन्ह्यात (वाहतुकीचे सोडून) सापडलेल्या मुलाला खटल्याऐवजी सहसा आधी काही अटी पाळण्याच्या करारावर सोडतात. कराराची मुदत जास्तीत जास्त १८० दिवस. त्यासाठी पालकांकडून ५० डॉलरपर्यंत घेता येतात, पण पैसे नाहीत म्हणून मुलाला नाकारता येत नाही. करार पाळला तर खटलाच नाही, म्हणजे पाच डॉलरही नाहीत. मुलांच्या कामाचा पैसा मोठ्यांच्या चुकांतून येतो, असंच म्हणा ना!

एक निकाल मात्र टिपणात घाला: सॅलिनस विरुद्ध टेक्सस राज्य, २०१७. इथल्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने कोर्ट खर्चातले दोन वाटे रद्द केले. एक अत्याचारग्रस्त मुलांच्या समुपदेशनाचा, दुसरा पुनर्वसनाचा. पैसा फौजदारी न्यायाच्या कामाला जात नसेल तर कोर्ट कर गोळा करणारं खातं ठरतं, हा मुद्दा.

आपल्याकडे दोषी ठरलेल्याकडून असा ठराविक खर्च घेण्याची पद्धत नाही. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम १०५ मध्ये राज्याला बाल न्याय निधी उभारता येतो, त्यात ऐच्छिक देणग्या येऊ शकतात. माझं मत विचाराल तर मागणी तिथेच करा: पगार अर्थसंकल्पातून, उपक्रम निधीतून. फीचा आग्रह कुणी धरलाच, तर मागच्या तीन वर्षांत लावलेला दंड आणि खरोखर जमा झालेला दंड यांचे आकडे जिल्हा न्यायालयाकडून आधी मागवा.

काकूंना नमस्कार.

तुमचा,
श्रीपाद